वीस वर्षांची वहिवाट

अमरावती
२० जुलै २०२५

प्रिय गुलनार,

तुला फोन लावला की तू दोन मिनिटांत "ठेवते गं, मग करते" म्हणतेस आणि तो मग काही येत नाही. रिटायर झालेल्या मास्तरणीला एवढी कसली घाई असते, देव जाणे. म्हणून डी.एड.ला असताना सुट्टीत लिहायचो तशी पत्रं पुन्हा सुरू करते. तू पत्र मधेच ठेवलंस तरी मला कळणार नाही, आणि माझं बोलून तरी होईल.

आमच्या घरचं तुला माहीतच आहे. भगवंतरावांची मंगळवार-शुक्रवार डायलिसिस असते. दवाखान्याची व्हॅन सकाळी येते, ती पार पोर्चच्या पायरीला लागली तरच यांना बसवता येतं. रस्त्यावर उभी राहिली तर चाकाच्या खुर्चीवरून फाटकापर्यंत न्यायचं, तिथे नालीवरची फरशी उंच, मग मी आणि ड्रायव्हर उचलणार. मी सत्तरीची आणि ड्रायव्हर म्हणजे आगपेटीतली काडी. येताना तर यांच्या अंगात काही उरलेलंच नसतं. गेल्या महिन्यात असंच उचलताना खुर्ची कलली आणि हे फाटकावर आपटले. तेव्हापासून मी ठरवलं आहे की मंगळवारी आणि शुक्रवारी व्हॅन पायरीपर्यंत आली पाहिजे. मला आता जगाकडून एवढंच पाहिजे.

आणि नेमकं तेवढंच मिळत नाही. फाटकापासून पोर्चपर्यंतचा जो फरशीचा पट्टा आहे, ज्याच्यावर तुझा इमाद सायकल शिकला, तो आमचा. खरेदीखतात आमचा, नकाशात आमचा, टॅक्सच्या पावतीत आमचा. पण तिथे गाडी उभी असते खुशालरावांची. हे खुशालराव आमच्या मागच्या प्लॉटवाले, मूळ वरूडचे, संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या घराला पलीकडच्या गल्लीत चांगलं मोठं फाटक होतं. तिथे त्यांनी दुकानं काढून भाड्याने दिली आणि स्वतःसाठी ठेवली दुकानांमधली बोळ, जिच्यातून माणूस जातो आणि फार तर सायकल. मग संत्र्याचे क्रेट, पिकअप, मुलाची बुलेट, सगळं आमच्या फाटकातून, आमच्या पट्ट्यावरून त्यांच्या मागच्या दाराला. कुंपणातलं ते दार आधी लहान होतं. आता त्यातून पिकअप जाते. ते कधी वाढलं हे कुणी पाहिलं नाही.

माणूस वाईट नाही, हीच खरी अडचण. आंबिया बहाराची संत्री आली की पहिला क्रेट आमच्या पायरीवर. पण माल नसला की पिकअप आमच्याच पट्ट्यावर झोपते. मंगळवारी सकाळी मी त्यांची बेल वाजवते, गाडी काढा म्हणते, आणि त्यांचा मुलगा प्रीतम डोळे चोळत चावी शोधतो. तोवर व्हॅनवाला हॉर्न देत असतो. शुक्रवारी पुन्हा तेच.

परवा शेवटी मी म्हटलं, खुशालराव, गाडी दुसरीकडे ठेवत जा. तर म्हणाले, "वैनी, दोन हजार पाचच्या दिवाळीपासून आमी येथूनच जाऊन-येऊन राहिलो. येत्या दिवाळीले वीस वर्सं होतात. आता ते तुमच्या मर्जीचं नाही राह्यलं, वहिवाट झाली. वकिलाले इचारलं मी." हसून म्हणाले, हे लक्षात घे.

भगवंतराव म्हणतात जाऊ दे, कशाला डोकं लावतेस. ललितला पुण्याला फोन केला तर तो म्हणतो घर विका आणि इकडे या. बापाला सोडून द्यायचं आहे, मुलाला विकून टाकायचं आहे, आणि बेल मी वाजवायची आहे.

तुझ्या शफीभाईंनी जन्म कोर्टात काढला. न्यायाधीश बदलायचे, त्यांच्या फाइली सांभाळणारे पेशकार मात्र हेच असायचे. त्यांना विचारून कळव, वीस वर्षं झाली की माझी जागा खरंच माझी राहत नाही का?

तुझी
लीला


अकोला
२९ जुलै २०२५

लीला,

सलाम. पत्र मिळालं. फोनचं म्हणशील तर हल्ली घरात बोलायला निवांतपणा नसतो, एवढंच समज. रागावू नकोस.

इमादचे अब्बा म्हणतात, जागा तुझीच राहते, जाते ती अडवायची सत्ता. कुणी वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, खंड न पाडता आणि हक्काने तुझ्या जागेतून ये-जा केली तर त्याला जाण्या-येण्याचा हक्क मिळू शकतो. गाडी उभी करून ठेवायचा नाही, फक्त जाण्याचा. यातलं "हक्काने" हे महत्त्वाचं. जो परवानगीने जातो तो पन्नास वर्षं गेला तरी त्याचा हक्क होत नाही. कोर्टात कितीतरी दावे एवढ्यावरच पडायचे. समोरचा वकील अगदी सहज विचारायचा, पहिल्यांदा गेलास तेव्हा मालकाला विचारलं होतंस का? बाळापूरकडचा भोळा शेतकरी म्हणायचा, हो साहेब, विचारल्याबिगर कसा जाईन? झालं, दावा खलास. तेव्हा तू आठवून बघ, खुशालरावांनी कधी विचारलं होतं का.

नसेल विचारलं तर वाट एक दिवस दोरी बांधून बंद करून दाखव. एका दिवसाच्या दोरीने कायद्याने सगळं तुटतं असं नाही. पण मालक जागा आहे आणि जाऊ देतो ते त्याच्या मर्जीने, हे चार लोकांनी पाहिलेलं असतं. शेजारचे चार-पाच जण साक्षीला बोलाव. नोटीस नंतर देता येईल.

आणि हे नीट वाच. दोरी लांबून दिसली पाहिजे. तिला पांढऱ्या चिंध्या बांध, अंधार पडायच्या आत काढून टाक. काचा, खिळे, खड्डा असलं काही करायचं नाही, टायरची हवा सोडायची नाही. आपल्या आवारात चोर शिरला तरी त्याला इजा व्हावी म्हणून सापळा लावला तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. जागा आपली म्हटली की तिथे पडणाराही आपलाच, असं इमादचे अब्बा नेहमी म्हणायचे.

भगवंतभाऊंना सलाम सांग. आमचं सगळं ठीक. इमाद हैदराबादला, अधूनमधून फोन करतो. इमादचे अब्बा फिरायला जातात, जरा जास्तच फिरतात.

गुलनार


अमरावती
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय गुलनार,

हसायचं असेल तर आधी हसून घे, कारण शेवट हसण्यासारखा नाही.

खुशालरावांनी कधी विचारलं होतं का, ते यांना आठवत नाही आणि मलाही आठवत नाही. तेव्हा दोरीच बांधायची ठरवली. मंगळवार-शुक्रवार वाट आम्हालाच लागते, इतर दिवशी शेजारी कामावर. शनिवारी तान्हा पोळा होता, म्हणजे मुलाबाळांमुळे सगळे घरी. मी शेजारच्या पाच घरी जाऊन सांगितलं की शनिवारी चार वाजता आमच्या फाटकाशी या. कशाला ते नाही सांगितलं. शेजाऱ्याच्या विरुद्ध साक्ष द्यायला या, असं तोंडावर म्हणवेना. म्हटलं, आले की सांगू.

फाटकाच्या दोन्ही खांबांना काथ्याची नवी दोरी बांधली. तू लिहिलंस तशा चिंध्या लावल्या, यांचं जुनं धोतर फाडून. नुसतं पांढरं सणाच्या दिवशी बरं दिसेना, म्हणून मधूनमधून लाल पट्ट्या लावल्या. तू वऱ्हाडातली, तुला पुढचं कळलंच असेल. पोळ्याचा सण, फाटकाला आडवी रंगीत दोरी आणि घरोघर जाऊन दिलेलं बोलावणं. सगळ्यांना वाटलं, लीलाबाईंनी यंदा मुलांच्या बैलांसाठी तोरण बांधलं.

पाचाची पंचवीस माणसं झाली. नातवंडं चाकांचे लाकडी बैल ओढत आली, बैलांना झुली, शिंगांना बेगड. कुणी दोरीत आंब्याचे डहाळे खोचले. बैलांची रांग दोरीखालून पार पोर्चपर्यंत गेली. मी वाट बंद केल्याचे साक्षीदार बोलावले होते, ते सगळे त्या वाटेवरच उभे. भगवंतराव खुर्चीवर बसून मुलांच्या हातावर पोळ्याचा खाऊ, आपला बोजारा, म्हणून पेढे ठेवत होते. त्यांच्या तोंडावर हसू मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. मी काय सांगणार होते, आणि कुणाला?

शेवटी तोरण तोडायचा मान द्यायचा कुणाला, तर वयाने मोठे आणि शेतीवाले म्हणून खुशालरावांना. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पण सगळी गल्ली आल्यावर ते घरी कसे बसतील. नातीचा बैल काखेत धरून त्यांनी दोरी ओढली. पोळ्याचं तोरण तुटावं म्हणून बांधतात. मी तुटू नये म्हणून बांधलं होतं. दोरी तुटेना, मुलं हसायला लागली, तसा गडी चेव येऊन दोरी ओलांडायला गेला. चिंधीत चप्पल अडकली आणि बैल वाचवायच्या नादात ते कुशीवर पडले. खुब्याचं हाड मोडलं.

ॲम्ब्युलन्स आमच्या फाटकातूनच आली, त्यांच्या बोळीत तर स्ट्रेचरही वळलं नसतं. दोरी मीच विळ्याने कापली.

दुसऱ्या दिवशी प्रीतम आला. भांडला असता तर बरं झालं असतं. दमलेल्या आवाजात म्हणाला, "काकू, दोरी तुमची, गाठ तुमची. ऑपरेशनचा खर्च कोन देईन? का मी ठाण्यात जाऊ?" त्या धांदलीत मीच बोलून गेले, त्यामुळे दोरी खरी कशासाठी होती ते आता गल्लीला कळलं आहे. दूध आणायला गेले की लोकांच्या नजरेतून मला कळतं.

शफीभाईंना विचार, मला भरपाई द्यावी लागेल का? माझी जागा, आणि चोर मीच झाले. मी फार थकले आहे गं.

लीला


अकोला
४ सप्टेंबर २०२५

लीला,

मी हसले नाही.

दोरी दिसत होती, ऊन होतं, आणि ओलांडायला ते स्वतः गेले. तो सापळा नव्हता. ठाण्यात गेले तरी फार काही होईल असं मला वाटत नाही. पण अख्ख्या गल्लीला तू बोलावलं होतंस, हे त्यांचा वकील नक्की काढेल. घुसलेल्यापेक्षा बोलावलेल्याची जबाबदारी मालकावर जास्त असते. कशाला बोलावलं ते तू सांगितलं असतंस तर हा मुद्दाच उरला नसता. आता ते बोलून उपयोग नाही.

लिहून काही देऊ नकोस. माझं चुकलं असंही कागदावर नको. मात्र बघायला जा, डबा घेऊन जा. पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. डबा नेल्याने कुणाचा दावा बुडत नाही.

प्रीतमला तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस.

घाईत आहे, म्हणून एवढंच.

गुलनार


अमरावती
१६ ऑक्टोबर २०२५

गुलनार,

प्रीतमला मी उत्तर दिलं नव्हतं. दार लावून घेतलं होतं. तू विचारलंस म्हणून सांगते.

दवाखान्यात जायची हिंमत झाली नाही. ते घरी आल्यावरही मी एक-एक दिवस ढकलत राहिले. त्या शनिवारपासून त्यांची पिकअप आमच्या पट्ट्यावर दिसलेली नाही. आंबिया बहाराची संत्री यायला लागली, तर प्रीतम आणि मजूर क्रेट डोक्यावर घेऊन बोळीतून ने-आण करतात. व्हॅन थेट पायरीला लागते. मला पाहिजे होतं ते मिळालं, आणि मंगळवारी-शुक्रवारी मला खिडकीतून बाहेर बघवत नाही.

काल शेवटी डबा घेऊन गेले. खुशालराव अर्धे झाले आहेत. खोली मागची, उजेड कमी. त्यांच्या बायकोने सांगितलं की व्यायामाला दवाखान्यात न्यायचं तर बोळीतून खुर्ची निघत नाही. एकदा प्रयत्न केला, भिंतीला आपटून पाय सुजला, तेव्हापासून नेलंच नाही. मी उठायला लागले तशी त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "वैनी, एक इचारतो. दवाखान्याची गाडी तुमच्या फाटकातून आनू काय? तुमी नाही म्हनसान तं राहू द्या."

माझ्या आठवणीत त्या माणसाने पहिल्यांदा विचारलं. मी लगेच हो म्हणाले नाही. घरी विचारून सांगते म्हणाले आणि येऊन तुझं जुलैचं पत्र काढलं. परवानगीने जातो त्याचा हक्क होत नाही. दिवाळी तोंडावर आली आहे, त्यांची वीस वर्षं भरत आहेत, आणि त्यांनी विचारलं आहे.

तेव्हा शफीभाईंकडून एक कागद लिहून घे, कोर्टाच्या भाषेत, की खुशालराव परवानगीने येतात, हक्काने नाही. त्यांच्याच अक्षरात पाठव, त्या अक्षराला वजन आहे. तू म्हणशील, माणूस अंथरुणावर असताना सही घेतेस? हो, घेते. ते बरे झाले की गाडी पुन्हा पट्ट्यावर येईल आणि बेल पुन्हा मला वाजवावी लागेल. माझ्यात आता ते बळ नाही.

तुला तीनदा फोन केला. शफीभाईंनी चार ओळी लिहायच्या, तेवढंही होत नाही का तुमच्याने? तुम्ही दोघं तिकडे मजेत आहात, संध्याकाळी फिरायला जाता. माझ्या घरात एकदा राहून बघा.

लीला


अकोला
२० ऑक्टोबर २०२५

लीला,

तो कागद शफी लिहू शकत नाहीत. मागच्या वर्षीच्या रमजानपासून त्यांना स्वतःची सही जमत नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आहे, ते कळून मला काही करता येत नाही. ते मला अमरीन म्हणतात. अमरीन त्यांची मोठी बहीण, ती कधीच वारली. फोन वाजला की कोर्टात आपला पुकारा झाला असं समजून घाबरतात आणि फाइली शोधायला लागतात. म्हणून मी फोन लवकर ठेवते. इमादला अर्धंच माहीत आहे.

तुला जे लिहिलं ते माझं होतं. नोकरीत होते तोवर रोज जेवताना त्यांनी मला दिवसभराचे दावे सांगितले आणि मी वह्या तपासत नुसतं हं हं केलं. तुझं पत्र आलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं, एवढं कसं डोक्यात राहिलं. "इमादचे अब्बा म्हणतात" असं लिहिलं की ते घरात आहेत असं वाटायचं. म्हणून लिहीत गेले. पण दोरी मी सुचवली आणि त्या माणसाचं हाड मोडलं. माझं ओझं तू एकटी उचलते आहेस, हे मला रोज खातं. कायद्याचं आता एखाद्या खऱ्या वकिलाला विचार.

तुझ्या फाटकात लोक घुसतात. माझा नवरा लोकांच्या फाटकात घुसतो. संध्याकाळ झाली की त्यांना घरी जायचं असतं, घरात असले तरी. माझा डोळा चुकवून निघतात आणि समोरच्या ओळीत ओमप्रकाश म्हणून आहेत त्यांच्या आवारात जातात. तिथे आमचं लग्नानंतरचं भाड्याचं घर होतं. ते पाडून ओमप्रकाशांनी बंगला बांधला. शफी त्यांच्या गाडीमागे पायरीवर बसून राहतात. एकदा गाडी मागे घेताना थोडक्यात वाचले. ओमप्रकाश हात जोडून म्हणाले, "भाभी, बुरा नका मानू. उद्या हे माह्या गाडीखाली आले तं मले जेल होईन. जागा माही, तं जबाबदारीबी माहीच ना." शब्द न शब्द बरोबर होता. मीच तुला तो लिहिला होता.

परवा त्यांनी साखळी लावली. काल संध्याकाळी शफी ती साखळी धरून उभे होते आणि "गुलनार, दरवाजा खोल" म्हणत होते. कितीतरी महिन्यांनी माझं नाव बरोबर घेतलं. मी त्यांना हाताला धरून ओढत घरी आणलं. लोक बघत होते.

तू सही घे. तुला ती वाट लागते आणि तुझं काही चुकत नाही. कागदावर एवढंच लिही की मी आजवर आलो-गेलो ते मालकांच्या परवानगीने आणि यापुढेही तसंच. पण त्याच्याखाली तूही लिही, की मी परवानगी दिली आहे. दोन्ही वाक्यं लागतात.

आम्ही मजेत आहोत असं तुला वाटलं, तो दोष तुझा नाही. मीच तसं लिहीत होते.

गुलनार


अमरावती
२६ ऑक्टोबर २०२५

गुलनार,

मी तुझ्यावर रागावले आहे, हे आधी लिहून टाकते. दीड वर्ष तू हे एकटीने ओढलंस, आणि मी तुला पिकअपच्या कहाण्या सांगत होते. "मजेत आहात" लिहिलेला माझा हात मोडायला हवा होता. पत्र वाचून मी रडले. मग ते यांना दिलं. यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तू अकोल्याले जाय." मी म्हटलं, शुक्रवारी तुम्हाला कोण नेईल? तर म्हणाले, "खुशालरावले इचार."

गेले. त्यांच्या दारात उभी राहिले. इतकी वर्षं त्या दारावर बेल वाजवून मी काढा, हटवा, उचला एवढंच म्हणत आले, मागितलं कधी काहीच नव्हतं. हातात तुझ्या दोन वाक्यांचा कागद होता. आधी सही घ्यावी की आधी विचारावं, कळेना. सही घेऊन मग विचारणं शहाणपणाचं होतं, शफीभाईंनी तेच सांगितलं असतं. मी आधी विचारलं.

खुशालराव वॉकर धरून उभे राहिले. म्हणाले, "प्रीतम नेईन, प्रीतम आनीन. तुमी जा वैनी." प्रीतमने मान डोलावली, माझ्याकडे न बघता. मग मी कागद पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला, खालचं माझं वाक्यही वाचलं, आणि सही केली. त्यांची दवाखान्याची गाडी आता सोमवार-गुरुवार येईल, आमची मंगळवार-शुक्रवार. मला वाटलं होतं त्या दिवशी फार हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ऑपरेशनच्या खर्चाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. ते मला काढायला हवं, परत आल्यावर काढेन.

मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येते, शनिवारपर्यंत राहीन. येताना तुला काय लागतं ते तूच फोन करून सांग, मी करत नाही, वाजला की शफीभाई घाबरतील.

संध्याकाळी ओमप्रकाशांकडे जाऊ. साखळी काढा असं म्हणायचं नाही. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांची भीतीही खरी आहे. नुसतं विचारायचं की गाडी बंद असेल तेव्हा, तू सोबत असशील तेव्हा, शफीभाई थोडा वेळ त्या पायरीवर बसले तर चालेल का. मी येईपर्यंत तू एकटी जाऊ नकोस. विचारणं किती जड जातं ते मला आता माहीत झालं आहे. हो म्हणाले तर तिथेच बसू. नाही म्हणाले तर शफीभाईंना एका बाजूने तू धर, एका बाजूने मी धरते, आणि घरी आणू.

लीला